मूर्तिपूजा की व्यभिचारी भक्ती? : पहिल्या आज्ञेच्या मराठी रूपाची चिकित्सा

मराठी ख्रिस्ती माणसाला 'मूर्तिपूजा म्हणजे काय?' असे विचारले असता तो बहुधा बाहेर बोट दाखवून उत्तर देतो. कोपऱ्यावरील मंदिर, भाद्रपदातील मंडप, शेजाऱ्याचे देवघर, हे त्याचे उत्तर असते. स्वतःच्या घराकडे, स्वतःच्या मंडळीकडे किंवा स्वतःच्या अंतःकरणाकडे ते बोट सहसा वळत नाही. पवित्र शास्त्राची रीत याच्या नेमकी उलट आहे. या पापाविषयी संदेष्ट्यांनी उच्चारलेले अत्यंत कठोर शब्द मिसर किंवा बाबेल यांच्यापेक्षा इस्राएलास, म्हणजे करारातील लोकांस, उद्देशून आहेत. संत योहानाने आपल्या पहिल्या पत्राचा शेवट याच पापापासून जपण्याच्या इशाऱ्याने केला. आणि तो इशारा परक्यांना नसून त्याच्या विश्वासातील लेकरांना आहे.

शास्त्राचे बोट आत आणि आपले बोट बाहेर, असे का व्हावे? मानवी स्वभाव हे त्याचे एक कारण आहेच. परंतु दुसरे कारण आपल्या भाषेत आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. पहिल्या आज्ञेच्या भंगास आपण 'मूर्तिपूजा' हे नाव दिले आणि त्या नावातील 'मूर्ती' या अर्ध्या भागावर सगळा भार टाकला. त्यामुळे ज्याच्या घरी मूर्ती नाही तो आपोआप निर्दोष ठरला. ही समजूत कशी रूढ झाली, ती शास्त्राशी कितपत जुळते आणि तिच्या जागी मराठीत दुसरे काही म्हणता येईल काय, हे येथे पाहावयाचे आहे.

१. एका मशिदीतील संस्कृत लेख

आरंभ आपल्या बऱ्हाणपुरातूनच करू. फारूकी राजा आदिलशाह, म्हणजेच राजे अली खान, याने बांधलेली जामा मशीद शहराच्या मध्यभागी उभी आहे. तिच्यात अरबी लेखाबरोबर एक संस्कृत शिलालेखही आहे. तो शके १५११ चा, म्हणजे इ. स. १५९० च्या प्रारंभीचा आहे. सृष्टिकर्त्यास नमन करून तो सुरू होतो आणि ईश्वराला अव्यक्त, व्यापक, नित्य, गुणातीत अशा विशेषणांनी संबोधतो. त्यापुढे फारूकी राजवंशाची वंशावळ आणि मशिदीच्या उभारणीची तिथी येते.

या लेखातून आपल्या विषयासंबंधी दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. प्रतिमेच्या निषेधाबाबत इस्लामइतका कडक धर्म क्वचितच सापडेल. तरीही त्या धर्माच्या उपासनागृहात उपनिषदांच्या परंपरेतील शब्द एका ईश्वराच्या स्तुतीसाठी निःसंकोचपणे योजले गेले. शेजाऱ्याचा शब्द घेतल्याने निष्ठा भंगत नाही, एवढे तरी त्या लेखकाला आणि त्याच्या धन्याला ठाऊक होते.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. अव्यक्ताच्या स्तुतीखाली लगेच राजकुळाची नावे आली. त्या काळच्या लेखांची ती रूढ रीत होती. त्यात दोष काढण्याचे कारण नाही. परंतु ज्या वास्तूत एकही मूर्ती नाही, त्या वास्तूतही मनुष्याचे नाव देवाच्या नावाशेजारी येऊन बसू शकते, हे मात्र तेथे दिसते. पुढे अवघ्या अकरा वर्षांत, १६०१ मध्ये, असीरगड अकबराच्या हाती गेला आणि तो वंश राज्यावरून नाहीसा झाला. सृष्टिकर्त्याचे नमन आजही वाचता येते. आपल्या चर्चच्या भिंतींवर दात्यांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या लावताना हा लेख आठवणे हितावह ठरेल.

२. ख्रिस्तपुराण : जे दिले आणि जे राहून गेले

बऱ्हाणपूरच्या या लेखानंतर सव्वीस वर्षांनी, १६१६ साली, गोव्यातील रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापले गेले. स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय. ते १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास आले आणि १६१९ मध्ये निधन पावेपर्यंत तेथेच राहिले. त्यांचा बहुतेक काळ साष्टी प्रांतात गेला. 'पैले पुराण' छत्तीस अवस्वरूंचे आणि 'दुसरे पुराण' एकोणसाठ अवस्वरूंचे असून एकूण ओव्या अकरा हजारांच्या आसपास आहेत. १९०७ मध्ये मंगळूर येथे सालढाणा यांनी हा ग्रंथ पुन्हा रोमन लिपीत छापला आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी तो देवनागरीत आणला.

या ग्रंथाचा गुणगौरव वाङ्मयाच्या इतिहासकारांनी पुष्कळ केला आहे. येथे त्याकडे आपल्या प्रश्नापुरते पाहू. स्टीफन्स यांनी स्वर्गास 'वैकुंठ' म्हटले, ईश्वरास 'परमेश्वर' म्हटले आणि ग्रंथासच 'पुराण' म्हटले. ज्या प्रांतात देवालयांच्या जागी चर्च उभी राहत होती, त्या प्रांतात हे शब्दधन घेणे साधे नव्हते. शब्द म्हणजे मूर्ती नव्हे, तो नव्या धन्याची सेवा करू शकतो, हा त्यांचा विश्वास होता. बऱ्हाणपूरच्या संस्कृत लेखातही हीच दृष्टी आढळते.

परंतु ग्रंथाच्या प्रास्ताविक प्रसंगाकडे लक्ष दिले पाहिजे. धर्मशिक्षण चालले असता एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूस विचारतो की, आमची जुनी पुराणे आपण मना केली, तर त्यांच्या जागी आम्हांस दुसरे काही का देत नाही? साऱ्या ग्रंथाचा उगम या मागणीत आहे. ती मागणी कोणत्या परिस्थितीत झाली? १५६७ मध्ये रायतूरचा कप्तान दियोगु रॉद्रिगिश याने साष्टीतील देवळे पाडली होती. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीयांचा वध झाला आणि त्याच्या सूडादाखल गावच्या पुढाऱ्यांना असोळणे येथे बोलावून ठार मारण्यात आले. पुराणे मना करणारी सत्ता आणि नवे पुराण देणारी प्रीती, ही दोन्ही एकाच प्रांतात, एकाच पिढीत नांदत होती.

स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा दिली, रसाळ वाणीत दिली. हे त्यांचे ऋण मराठी मंडळीवर कायमचे आहे. त्या ग्रंथाच्या वाचकाच्या मनात मात्र, ग्रंथाबाहेरील घडामोडींमुळे, एक समीकरण दृढ होण्यास वाव राहिला: मूर्ती कप्तानाने फोडल्या, तेव्हा मूर्तिपूजा संपली. ती संपली नव्हती. याचा पुरावा पुढील चारशे वर्षांचा गोमंतकीय ख्रिस्ती समाज आहे. देवळे गेली, पण बामण, चारडो आणि सुदीर हे भेद चर्चच्या आत आले. कित्येक ठिकाणचे बंधुसंघ त्या भेदांवर चालले आणि सोयरिकी त्यांवर ठरल्या. फोडण्यासारखे हात-पाय या दैवताला नव्हते, म्हणून ते कोणाच्या नजरेस आले नाही. एका दगडापुढे झुकणारे मस्तक सरळ झाले. कुळापुढे झुकणारे मस्तक तसेच राहिले.

३. खंडनाचा काळ

'ख्रिस्तपुराणा'नंतर तेरा वर्षांनी, १६२९ मध्ये, फादर एतिएन द ला क्रुआ यांचे संत पेत्राच्या चरित्रावरील पुराण प्रसिद्ध होऊ लागले. त्यात हिंदू दैवतकथांचे सविस्तर खंडन आहे. स्टीफन्स यांचा भर कथनावर होता, येथे वादविवाद पुढे सरसावला. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात हीच वाट रुंद झाली. १८३१-३२ च्या सुमारास मोरभट दांडेकर आणि डॉ. जॉन विल्सन यांच्यात झालेला वाद प्रसिद्धच आहे. बाबा पदमनजी (१८३१-१९०६) यांच्यासारख्या समर्थ लेखकाच्या पिढीने त्याच वातावरणात लेखणी हाती धरली. ज्यांनी स्वतः घरदार, आप्त आणि देवघर सोडले होते, त्यांच्या तोंडी मूर्तीविरुद्धचा तीव्र शब्द ही अनुभवाची भाषा होती. तिचा आदर केला पाहिजे. परंतु अनुभवाची भाषा पुढच्या पिढीत आली की ती पाठांतर बनते. आजोबांनी ज्या देवघराचा त्याग केला ते नातवाने कधी पाहिलेलेच नसते. त्यामुळे आजोबांचे जे पश्चात्तापाचे वचन होते, ते नातवाच्या मुखी शेजाऱ्यावरील आरोप होते.

या सर्व साहित्यात एक ग्रंथ वेगळा उठून दिसतो, तो म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (१९३४-३७). वास्तविक त्या ग्रंथात ईशज्ञानाची चर्चा करण्याचा आव कोठेही नाही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. लक्ष्मीबाई दीर्घकाळ सोवळेओवळे सांभाळून त्यांच्यापासून धर्माने दूर राहिल्या. त्यांच्या अंतःकरणात जे पहिले मोठे परिवर्तन झाले, ते कोणत्या मूर्तीसंबंधाने झाले नाही, ते जातीसंबंधाने झाले. या जाती देवाने केल्या की माणसाने, या प्रश्नाने त्यांना घेरले आणि उत्तर मिळताच त्यांचे सोवळे गळून पडले. त्यानंतर त्या कोणाच्याही हातचे खाऊ लागल्या. बाप्तिस्मा त्याच्या नंतरचा. एका बाईने आपल्या प्रांजळ मराठीत येथे जे नोंदवून ठेवले, ते खंडनाच्या अनेक ग्रंथांना साधले नाही. घरातील खरे दैवत कोणते, हे तिने ओळखले आणि तेच आधी खाली उतरवले.

४. शास्त्र काय म्हणते

आता मूळ आधाराकडे वळू. जुन्या करारात खोट्या देवांसाठी एकच शब्द नाही. 'पेसेल' म्हणजे कोरून घडवलेली वस्तू. 'एलिलीम' म्हणजे ज्यांत काही अर्थ नाही असे. 'हेबेल' म्हणजे श्वासाची वाफ, आणि यिर्मयाने दुसऱ्या अध्यायात तोच शब्द या देवांसाठी योजला आहे. सेप्तुआजिंत या ग्रीक भाषांतरापासून अशा अनेक शब्दांच्या जागी 'एइदोलोन' हा शब्द स्थिरावला. अभिजात ग्रीकमध्ये त्याचा अर्थ भास, छाया, मृताचे दिसणारे पोकळ रूप असा होता. म्हणजे जोर पोकळपणावर आहे. मराठीत आलेली 'मूर्ती' मात्र भरीव आहे. ती धातूची किंवा पाषाणाची असते, तिला हात लावता येतो. भाषांतरकारांना दुसरा शब्द सहज मिळण्यासारखा नव्हता, हे मान्य करावे. तथापि 'पोकळ' हा अर्थ वाटेत गळून पडला, हेही मान्य करावे.

शास्त्रातील काही प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहेत. निर्गमच्या बत्तिसाव्या अध्यायात सोन्याचे वासरू घडवल्यावर अहरोन दुसऱ्या दिवशी कोणाचा सण जाहीर करतो? परमेश्वराचाच. नाव खरे होते आणि निष्ठा गेली होती. शास्ते ८:२७ मध्ये गिदोनाचे एफोद त्याला व त्याच्या घराण्याला पाश झाले. १ शमुवेल ४ मध्ये कराराचा कोश रणांगणावर विजयाचा ताईत म्हणून नेला गेला आणि पलिष्ट्यांच्या हाती पडला. २ राजे १८:४ मध्ये हिज्कीयाने पितळेच्या सर्पाचे तुकडे केले. तो सर्प देवाच्या आज्ञेने मोशेनेच केला होता, पण लोक त्यापुढे धूप जाळू लागले होते. यिर्मयाच्या सातव्या अध्यायात तर मंदिराचेच नाव लोकांच्या तोंडी जपासारखे झाले आणि संदेष्ट्याने त्यांना ते खोटे वचन आहे असे सांगितले. या पाच उदाहरणांत परकी वस्तू एकही नाही. सण, एफोद, कोश, सर्प आणि मंदिर हे सारे देवाच्या घरातलेच आहे.

नव्या करारात प्रेषित पौलाने कलस्सैकरांस ३:५ आणि इफिसकरांस ५:५ येथे लोभालाच हे नाव दिले. मत्तय ६:२४ मध्ये प्रभूने संपत्तीस 'मामोन' म्हणून, जणू ती एक स्वामी असल्याप्रमाणे, देवासमोर उभी केली. 'मामोन' हा अरामी शब्द काही अभ्यासक ज्या धातूशी जोडतात त्याचा अर्थ भरवसा ठेवणे असा आहे. 'आमेन' हा शब्दही त्याच धातूचा. ही व्युत्पत्ती स्वीकारली तर प्रश्न अगदी सोपा आणि अगदी कठीण होतो: आपल्या आयुष्याचे 'आमेन' आपण कोणापुढे म्हणतो?

होशेयाने या पापाला जे रूप दिले ते सर्वांत खोल आहे. त्याच्या दृष्टीने हा विवाहाचा भंग आहे. इस्राएल आपल्या प्रियकरांमागे गेली, कारण अन्न, पाणी, लोकर आणि तेल ते देतात असा तिचा समज झाला होता. हे सारे देणारा तिचा पतीच आहे, हे ती विसरली. येथे प्रतिमा दुय्यम आहे. प्रीती आणि भरवसा यांचे स्थलांतर हे मुख्य आहे. आणि येथेच मराठी मनाला एक परिचित शब्द आठवावा. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना 'अनन्य' योगाची आणि 'अव्यभिचारिणी' भक्तीची गोष्ट आली आहे. ज्ञानेश्वरीमुळे ती मराठी घराघरांत पोचली. महानुभावांच्या सूत्रपाठात 'अन्यव्यावृत्ती' नावाचे स्वतंत्र प्रकरणच आहे. या परंपरांचा आशय ख्रिस्ती विश्वासाशी एकरूप आहे असे कोणी म्हणणार नाही. तेथे करार करणारा, इतिहासात उतरून लोकांना सोडवणारा देव हा पाया नाही. परंतु भक्तीत व्यभिचार होऊ शकतो, हे समजण्यासाठी लागणारा शब्द मराठीजवळ शतकानुशतके आहे, आणि तो होशेयाच्या फार जवळ आहे. आपण मात्र तो सोडून 'मूर्तिपूजा' या एकाच शब्दावर विसंबलो.

५. आमच्या वेदीजवळील प्रतिमा

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. कॅथलिक धर्मगुरूने असे लिहावे, यात स्वतःच्या चर्चमधील पुतळ्यांचा बचाव दडलेला नाही काय? आक्षेप रास्त आहे. आपल्या परंपरेत प्रतिमेचा निषेध पहिल्या आज्ञेतच समाविष्ट मानतात, इतर अनेक मंडळ्या तो दुसरी आज्ञा म्हणून मोजतात. दोन्ही गणनांना जुना आधार आहे. ७८७ च्या निकेया येथील दुसऱ्या धर्मसभेने प्रतिमेला दिला जाणारा आदर आणि केवळ देवाची आराधना यांत भेद केला, आणि प्रतिमेचा आदर मूळ व्यक्तीस पोचतो असे सांगितले. १५६३ मध्ये त्रेंत येथील धर्मसभेने तेच पुन्हा सांगताना, प्रतिमेत काही दैवी शक्ती आहे असे मानून तिच्यावर भरवसा ठेवू नये, असाही इशारा दिला.

हा भेद खरा आहे. परंतु धर्मसभेच्या निर्णयात खरा असलेला भेद मेणबत्ती लावणाऱ्या हातातही खरा असेलच असे नाही. नवस फेडला नाही तर पुतळा कोपेल, अमक्या ठिकाणचेच तेल लावले तर गुण येईल, अशी समजूत जेथे असते तेथे निकेयाचा आधार घेता येणार नाही. तसेच, ज्या मंडळ्यांच्या भिंती कोऱ्या आहेत त्यांनीही निश्चिंत राहू नये. एखाद्या प्रसिद्ध उपदेशकाचा हात डोक्यावर पडल्याखेरीज प्रार्थना पोचत नाही असे वाटणे, किंवा पवित्र शास्त्राचे पुस्तक न वाचता उशाखाली ठेवणे, हे पितळेच्या सर्पाचेच प्रकार आहेत. शिवाय आपण आदर व आराधना यांतील जो भेद स्वतःसाठी मागतो, तो समजून घेण्याची तयारी शेजाऱ्याच्या बाबतीतही ठेवणे न्यायाचे होईल. मराठी संतांनीही पाषाणातच देव शोधणाऱ्यांना फटकारले आहे, हे विसरून चालणार नाही.

६. पाळकीय विचार

या सर्व चर्चेचा रोजच्या जीवनाशी संबंध काय? आपल्या भागातील ख्रिस्ती कुटुंबांना दरवर्षी पडणारे प्रश्न ठरलेले आहेत. शेजारीण प्रसाद घेऊन आली तर काय करावे? गल्लीतील मंडळाने वर्गणी मागितली तर? प्रेषित पौलाने करिंथकरांस पहिले पत्र लिहिताना आठव्या व दहाव्या अध्यायांत जे सांगितले, ते नियमांच्या यादीहून मोठे आहे. बाजारातील अन्नाची विनाकारण चौकशी करू नये. दुबळ्या बंधूच्या विवेकबुद्धीस ठेच लावू नये. आणि प्रभूच्या मेजात व दुसऱ्या मेजात एकाच वेळी सहभागी होऊ नये. पहिल्या दोन गोष्टी प्रीतीच्या आहेत, तिसरी निष्ठेची आहे. पूजेच्या विधीत यजमान म्हणून बसणे आणि शेजारणीच्या मायेचा स्वीकार करणे, या दोहोंत अंतर आहे. ते अंतर प्रत्येक कुटुंबाने प्रार्थनापूर्वक आणि आपल्या मंडळीतील नवख्या बंधुभगिनींचा विचार करून ठरवावे. ताट परत करताना शेजारणीचा अपमान झाला, तर आपण निष्ठा राखली असे म्हणता येणार नाही. आणि संकोचापायी आपण ख्रिस्ताचे आहोत हेच लपवले, तरीही ती राखली असे म्हणता येणार नाही.

परंतु हे प्रश्न वर्षातून चार दिवसांचे. उरलेल्या दिवसांचे प्रश्न कोण विचारणार? मुलीसाठी स्थळ पाहताना 'ख्रिस्ती असावा' या अटीमागे दबक्या आवाजात जी दुसरी अट येते, तिचे नाव काय? यंत्रमागाच्या या गावात कारखानदार असो की कामगार, हिशेबाची वही आणि साक्ष यांत विरोध आला तर कोणती जिंकते? मंडळीच्या मालमत्तेसाठी बंधू बंधूस न्यायालयात खेचतो, तेव्हा 'परमेश्वराचे मंदिर' हे शब्द यिर्मयाच्या काळासारखेच पोकळ होत नाहीत काय? पाळकाने आणि धर्मगुरूने तर स्वतःस आणखी एक प्रश्न विचारावा: लोक माझ्याकडे येतात ते माझ्या पलीकडे जाण्यासाठी, की माझ्यापाशी थांबण्यासाठी?

मध्य प्रदेशात १९६८ पासून धर्मांतरविषयक कायदा आहे आणि २०२१ मध्ये त्याच्या जागी अधिक कडक कायदा आला. अशा वातावरणात शेजाऱ्याच्या धर्माविषयी जपून बोलावे, असा व्यवहारी सल्ला कोणीही देईल. येथे सुचवलेले कारण ते नाही. भीतीने बदललेला शब्द म्हणजे भीतीपुढे वाहिलेले फूल होय. आपला शब्द बदलावयाचा तो शास्त्र अधिक खरेपणाने वाचण्यासाठी. शेजाऱ्यास त्यामुळे दिलासा मिळाला तर तो प्रीतीचा लाभ.

७. समारोप

'मूर्तिपूजा' हा शब्द आपल्या भाषांतरांतून काढून टाकावा असा आग्रह येथे नाही. जेथे शास्त्रात घडवलेल्या प्रतिमेचीच गोष्ट आहे तेथे तो योग्यच आहे, आणि यशयाचा चव्वेचाळिसावा अध्याय त्याखेरीज वाचता येणार नाही. सूचना एवढीच की उपदेशात, धर्मशिक्षणाच्या वर्गात आणि पापनिवेदनाच्या तयारीत त्याच्या जोडीला दुसरा शब्द ठेवावा. पहिल्या आज्ञेच्या पालनास 'अनन्यता' म्हणावे आणि तिच्या भंगास 'व्यभिचारी भक्ती'. पहिला शब्द उच्चारताना मनुष्य खिडकीबाहेर पाहतो. हे दोन शब्द उच्चारताना त्याला आत पाहावे लागते. थेस्सलनीकाच्या विश्वासणाऱ्यांविषयी पौलाने आनंदाने लिहिले ते असे की, ते मूर्तींपासून देवाकडे वळले, आणि वळले ते जिवंत व खऱ्या देवाची सेवा करण्यासाठी. आपल्या पूर्वजांनी मूर्तींकडे पाठ फिरवली, हे त्यांचे धैर्य होते. कोणाकडे तोंड करून उभे राहावयाचे, हे मात्र प्रत्येक पिढीला स्वतः ठरवावे लागते.